उघड्यावरच्या बायका आणि डोंगर

'जिच्या डोक्यावर छप्पर नाही, तिला आणखी उघड्यावर कशाला न्यायचं?' निवाऱ्यातल्या बायका-मुलांना डोंगरावर नेण्याचा विषय निघाला, की कुठल्याही बैठकीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. विचारणाऱ्या बहुधा जुन्या, तळमळीच्या कार्यकर्त्या असतात. रेशनकार्डासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेले असतात, पाडापाडीच्या दिवशी बायकांची भांडीकुंडी स्वतःच्या हातांनी रस्त्यातून उचललेली असतात. त्यामुळे हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. बेघर बाईला आधी छप्पर, मग काम, मग औषधपाणी, आणि हे सगळं देऊन झाल्यावर काही शिल्लक राहिलं तर मोकळी हवा. हा क्रम त्या बाईला विचारून ठरवलेला नाही, आणि पहिल्या पायरीवरच तिची वीस-वीस वर्षं जातात हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

मी या लेखात बाजू मांडणार आहे ती डोंगरावर नेण्याची. पण ज्या पद्धतीने हे काम परदेशात वाढलं आणि आता आपल्याकडच्या संस्थांच्या अहवालांत 'साहसातून उपचार' अशा नावाने डोकावू लागलं आहे, ती पद्धत जशीच्या तशी उचलायला माझा विरोध आहे.

या कल्पनेचं मूळ आधी पाहू. १९४१ साली, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने लॉरेन्स होल्ट या जहाज-कंपनीवाल्याच्या मदतीने 'आऊटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा काढली. व्यापारी जहाजांवरच्या तरुण खलाशांना संकटात तग धरायला शिकवायचं, हा हेतू. म्हणजे मूळ साचा तरुण पुरुषाचा, आणि तोही युद्धातल्या. अंगात रग आहे, अनुभव नाही, तेव्हा त्याला वारा-पाऊस-भूक दाखवा म्हणजे तो घडेल, असा हा विचार. पुढे ही चळवळ अमेरिकेत, कॅनडात आणि इतरत्र पसरली. काही दशकांनी स्त्रियांच्या गटांनी तिला आपल्याकडे वळवून घेतलं. कॅनडात हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठी 'विमेन ऑफ करेज' या नावाने असे कार्यक्रम झाले. नावेत बसणं, दोराने कडा चढणं, रात्री शेकोटीभोवती बोलणं, असं त्यांचं स्वरूप.

त्याच अमेरिकेत याची दुसरी बाजूही दिसली. 'बिघडलेल्या' मुलामुलींना सुधारण्यासाठी रानात नेणारी खाजगी शिबिरं तिथे भरपूर पैसे घेऊन चालतात. मुलांना पुष्कळदा त्यांच्या मनाविरुद्ध, कधी रात्री झोपेतून उठवून नेलं जातं. २००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा शिबिरांतल्या आणि सुधारगृहांतल्या मृत्यूंची दखल घेतली होती. तरी २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा शिबिरात आल्याच्या पहिल्याच रात्री मरण पावला, आणि मग ते शिबिर बंद झालं. संमती हा शब्द वगळला की उपचाराची शिक्षा व्हायला वेळ लागत नाही, हे आपण स्त्रियांच्या सुधारगृहांचा इतिहास जाणणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण इथली बेघर बाई आधीच चोवीस तास बाहेर आहे. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. रस्त्याकडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे फलाटावर राहणारी कुटुंबं, अशी ती सरकारी व्याख्या. ज्यांना एका जागी कोणी टिकू देत नाही, त्यांना एका रात्रीत मोजायचं, म्हणजे किती सुटली असतील याचा विचार करा. त्यात एकट्या बायका जास्त सुटतात. पुरुष दिसेल तिथे आडवा होतो, बाई दिसणार नाही अशा जागी जाते.

शनिवारी रात्री मुंबईत शेवटची कसारा लोकल पकडायला पाठीवर पिशव्या टाकून तरुण मुलंमुली धावत असतात. गुंडाळलेली पथारी, पाण्याची बाटली, बॅटरी, कोरडं खाणं. फलाटाच्या टोकाला एक बाई अगदी हेच सगळं सामान उशाला घेऊन बसलेली असते. उघड्यावर झोपायला निघालेल्या त्या मुलींचं कौतुक होतं, फोटो निघतात (आणि निघावेत, मुलींनी रात्री-अपरात्री भटकावं यासाठी आपण कमी भांडलेलो नाही). फलाटावरच्या बाईचं उघड्यावर झोपणं मात्र कायद्याच्या कचाट्यात येतं. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात पोटापाण्याचं दिसतं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं, याचाही समावेश भीक मागण्यात केलेला आहे. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं कोंडून ठेवण्याची तरतूद. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. पण ज्या मुंबईच्या नावाने तो कायदा निघाला, तिथल्या बेघर बाईच्या मनात 'गाडीत घालतील' ही भीती आजही आहे.

म्हणून डोंगरावर जाण्याआधीच पहिली अडचण उभी राहते. निवाऱ्यातल्या बायकांना गाडीची भीती वाटते. बस दाराशी आली आणि 'चला, बसा' म्हटलं, की अर्ध्याजणी मागच्या मागे पसार होतात. मी ज्या निवाऱ्यातल्या बायकांबरोबर तीनदा कान्हेरीला गेले, तिथे आम्ही बस केलीच नाही. लोकलने गेलो, तिकिटं प्रत्येकीच्या हातात दिली. कोणत्याही स्टेशनवर उतरून परत जाता येईल एवढं नक्की असलं, की बाई निघते.

कान्हेरी निवडण्याचं कारण सोपं. बोरिवली स्टेशनपासून राष्ट्रीय उद्यानाचं दार चालत गाठता येतं, आणि आतला डोंगर मुलांनाही झेपतो. पण या जागेलाही तिचा इतिहास आहे. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर या उद्यानाच्या हद्दीतून हजारो झोपड्या उठवल्या गेल्या. आमच्या गटातली एक बाई दारातून आत शिरताना थबकली. लग्न होऊन ती याच बाजूच्या वस्तीत आली होती. 'तिकडं आमचा नळ होता,' एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. शहराच्या फुप्फुसांबद्दल बोलणाऱ्या मंडळींनी कधीतरी तिच्याबरोबर ही वाट चालावी.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. खडकात कोरलेल्या खोल्या, झोपायला दगडी ओटे, आणि लेण्यालेण्यापाशी पावसाचं पाणी साठवायच्या पोढी. घर सोडलेल्या भिक्खूंना पावसाळ्यात राहायला म्हणून अशी लेणी कोरली गेली. त्यासाठी दान देणाऱ्यांत बायका होत्या, भिक्खुणीही होत्या, हे तिथल्या शिलालेखांवरून कळतं. ही माहिती मी सांगितली तेव्हा एकीने विचारलं, 'म्हणजे बेघर लोकांना तेव्हा खोली, ओटा नि पाणी मिळत होतं?' मी हो म्हटलं. नंतर हिशेब केला. २०१३ च्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी पन्नास चौरस फूट जागेचा निकष होता. प्रत्यक्षातल्या निवाऱ्यात पन्नास चौरस फुटांत किती पथाऱ्या पडतात, हे आपण सगळ्याजणी पाहून आहोत.

दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर गिर्यारोहण करणाऱ्या दोन मुली आल्या होत्या. चांगल्या मुली. दोर आणले होते, छोट्या खडकावरून मुलांना उतरवायचं ठरवलं होतं. मुलांनी तो खेळ मजेत केला. बायकांपैकी मात्र एक, जिच्या दोन लहान मुली आहेत, लेण्याबाहेरच्या सपाट कातळावर आडवी झाली आणि झोपली. अकराला झोपली ती दोन वाजता उठली. त्या तीन तासांत बाकीच्या बायकांनी आपसांत काही न ठरवता पाळी लावली. दोघी तिच्याजवळ बसल्या, दोघी तिच्या मुलींना घेऊन पाण्याकडे गेल्या. उठल्यावर तिने आधी घाबरून पोरींना हाका मारल्या. त्या समोरच होत्या. सहा वर्षं ती पुलाखाली राहिली आहे, आणि रोज रात्री पोरींच्या फ्रॉकची गाठ स्वतःच्या पदराला मारून झोपली आहे. निवाऱ्यात आल्यावरही ती गाठ सुटलेली नव्हती. त्या दिवशी सुटली.

दोर आणलेल्या मुलींना वाटलं, या बाईने तर काहीच केलं नाही. माझ्या मते त्या दिवशी डोंगरावर सगळ्यात मोठं काम तिनेच केलं. जो काही उपचार व्हायचा तो तिथे झाला, आणि तो बाकीच्या बायकांनी केला.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हे पुस्तक लिहिलं. स्त्रियांच्या चळवळीतूनच ते आलेलं आहे. हिंसेतून सावरण्याचे तीन टप्पे त्या सांगतात. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवून त्याचा शोक करणं, मग जगाशी पुन्हा नातं जोडणं. स्वसंरक्षणाचं शिक्षण, रानातल्या मोहिमा वगैरेंचा विचार त्या तिसऱ्या टप्प्यात करतात. मांडणी शहाणपणाची आहे. पण फुटपाथवरच्या बाईचा पहिला टप्पा कधी पुरा होतो? तिच्यावरची हिंसा भूतकाळात गेलेली नाही. सकाळी पालिकेची गाडी, दुपारी ठेकेदार, रात्री कोणीही. तिने तिसऱ्या टप्प्यासाठी थांबायचं म्हटलं तर जन्मभर थांबावं लागेल. तिच्यासाठी एका दिवसाची का होईना, पण पुरी सुरक्षितता उभी करणं, हेच डोंगरावर नेण्याचं पहिलं प्रयोजन असायला हवं.

यातूनच माझा दुसरा आक्षेप निघतो. साहस-शिबिरांच्या भाषेत सारखं येतं, 'भीतीवर मात करा.' खलाशी पोरांना हे ठीक. पण बेघर बाईची भीती ही तिची विद्या आहे. कोणता माणूस नुसता पाहतोय आणि कोणता जवळ येणार आहे, हे तिला पावलांच्या आवाजावरून कळतं. या विद्येनेच तिला जिवंत ठेवलं. तिला कड्यावर उभं करून अनोळखी पुरुषाने धरलेल्या दोरावर 'विश्वास टाक' म्हणायचं आणि ती मागे सरली की 'हिला आत्मविश्वास नाही' असं अहवालात लिहायचं, हा उद्धटपणा आहे. दोर धरायचाच तर तो तिच्या निवडीच्या बाईने धरावा. 'नको' म्हणण्याला तिथे उतरण्याइतकाच मान असावा. किंबहुना तिचं 'नको' कोणीतरी पहिल्यांदा ऐकून घेतलं, हेही थोडं नाही.

आपल्याकडे कडा उतरणाऱ्या बाईची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेली हिरकणी. दंतकथा म्हणून ती मोठीच आहे. पण लक्षात घ्या, बाईने जीव धोक्यात घातला तो बाळासाठी म्हणून तिच्या नावाचा बुरूज झाला. सहज वाटलं म्हणून, संध्याकाळचं ऊन बघावं म्हणून ती कड्याच्या टोकावर जाऊन बसली असती तर? निवाऱ्याच्या बायकांना डोंगरावर नेण्यासाठी आपण देणगीदारांना जी कारणं लिहून देतो तीही याच वळणाची असतात: मुलांचा विकास होईल, बाई चांगली आई होईल, कामाला लागेल. तिला मजा येईल, एवढं कारण पुरत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो (आणि त्याच निकालात फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही दिली). उपजीविकेपलीकडे काही मागायचं म्हटलं की आपलीच जीभ अडखळते.

आता मुलांविषयी. मुलांना सहलीला नेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्या मुलांना नेतात आणि आईला मागे ठेवतात. मुलाने शिकावं, पुढे जावं, आईतून बाहेर पडावं, असा नकळत त्याचा अर्थ होतो. निवाऱ्यांचे नियमही तसेच. स्वाधारगृहांच्या २०१५ च्या नियमांत मुलगा आठ वर्षांचा झाला की त्याने आईपासून वेगळं होऊन बालगृहात जायचं असं होतं. आता ती योजना शक्ती सदन या नावाने चालते, पण वयाची रेघ आहेच. मग त्या आई-मुलाने भेटायचं कुठे? संस्थेच्या बाकावर, अर्धा तास, कोणाच्या तरी देखरेखीखाली. म्हणून माझा आग्रह असा, की वेगवेगळ्या गृहांत राहणारी आई आणि मुलं डोंगरावर एकत्र यावीत.

तसं झालं की काय होतं ते एका खेपेला दिसलं. गटात जालन्याकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. पायऱ्या चढताना मी विचारलं, 'मावशी, दमलात का?' त्या हसल्या. 'दमतीय कशाला बाई? गावाकडं सरपणाला याच्या दुप्पट चढायची मी. मोळी डोक्यावर घिऊन उतरायची.' मागून येणाऱ्या त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाने हे ऐकलं. त्याचा जन्म मुंबईतला. आईला त्याने उठवून लावलेली पाहिली होती, शिव्या खाताना पाहिली होती. पुढचा अर्धा तास तो तिला विचारत होता, हे झाड कसलं, ते झाड कसलं, आणि ती सांगत होती.

फासेपारधी कुटुंबांच्या बाबतीत तर हे आणखी टोकाचं आहे. मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर, पुलांखाली राहणाऱ्यांत ती पुष्कळ आहेत. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि रान सुटलं. ज्यांना पाखरांचा माग आणि वाऱ्याची दिशा आपल्यापेक्षा शतपट जास्त कळते, त्यांच्या लेकी शहरात गजरे विकतात. अशा बाईला आपण 'निसर्गाची ओळख' करून देणार? तिथे वाटाड्या तिनेच व्हावं, आणि वाटाड्याची मजुरी तिला मिळावी.

मजुरीचा मुद्दा आलाच आहे तर तो पुरा करते. डोंगरावरचा दिवस म्हणजे बुडालेली रोजी. कचरा वेचणारीची, गजरेवालीची, नाक्यावर उभं राहणारीची. ती रोजी भरून दिल्याशिवाय कोणालाही नेऊ नये. पायात रबरी चपला असतात, त्या कातळावर घसरतात, तेव्हा बूट हवेत. तेही परत न घेण्याचे. पाळी असलेल्या बाईची सोय, लघवीला आडोसा, सोबत डॉक्टरीण नाही तरी परिचारिका. गर्भार आणि दम्याच्या बायकांसाठी जवळची, सपाट जागा. फोटो अजिबात नकोत. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातला दोन टक्के वाटा समाजकार्याला देणं बंधनकारक झाल्यापासून कंपन्यांना अशा सहली आवडू लागल्या आहेत, पण त्यांचे छापील बनियन घालून रांगेत उभं राहणं ही आपल्या बायकांनी द्यायची किंमत नव्हे. आणि हा पैसा निवाऱ्याच्या अनुदानातून कापून काढलेला नसावा. जिथे संडासाला दार नाही, तिथे आधी दार.

घराच्या लढ्याची जागा हे काम घेणार नाही. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६ साली 'महिला मिलन' उभं केलं ते बचतीतून आणि घराच्या मागणीतून, सहलींतून नव्हे. पण दमलेल्या, झोप न झालेल्या बाईला मोर्चाला बोलावताना आपण तिच्याकडून जे मागतो, त्यातलं थोडं तिला परत मिळायला हवं की नको?

तिसऱ्या खेपेनंतर बायकांनी एक मागणी केली आहे. त्यांना एक रात्र बाहेर राहायचं आहे, डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या मर्जीने, पाळी लावून. जागा मिळू शकेल. अडचण निवाऱ्याच्या रजिस्टरची आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणे रात्रीच्या हजेरीला बाई नसली की तिची जागा दुसरीला जाते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवारे वर्षभर, चोवीस तास चालवायला सांगितलं. पण आत असलेल्या बाईने एक रात्र बाहेर राहून परत यावं, यासाठी कुठल्याच रकान्यात सोय नाही. वस्तीला जाणाऱ्या बारा बायकांच्या जागा तीन दिवस राखून ठेवाव्यात, असा अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यावर सह्या-अंगठे बायकांचेच आहेत. इतर शहरांतल्या निवाऱ्यांत अशी रजा कोणी मिळवली असेल, तर अर्जात काय शब्द वापरले आणि तो कोणाच्या नावे केला, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.